तेल बघितलं का?

पुणे जिल्ह्याच्या कडेच्या भोंगवलीतल्या चारचाकी गाड्या फार फिरत नाहीत. गाड्या वाढल्या, अंगणात पत्र्याची शेड आली, शेडखाली पांढरी किंवा चंदेरी गाडी आली. पण तिचं रोजचं काम किकवीला जाऊन येण्याचं. फार तर सारोळा, कापूरहोळ, नसरापूर. कचेरीत काम निघालं तर भोर. शिरवळच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणारी पोरं मोटारसायकलवर जातात, नाहीतर कंपनीच्या बसने. चारचाकी बाहेर निघते ती लग्नाला, जेजुरीला, मांढरदेवला किंवा घरातल्या म्हाताऱ्या माणसाला पुण्याच्या दवाखान्यात न्यायला. त्यामुळे मीटर हळू पळतो आणि मालक कौतुकाने सांगतो, गाडी फिरलेलीच नाही, अजून नव्यासारखी आहे.

या वाक्याची मला धास्ती वाटते. न फिरलेल्या गाडीचं तेलही न वापरलेलं आहे असं त्यात गृहीत धरलेलं असतं, आणि ते खरं नाही.

महामार्गाच्या कडेला गॅरेज चालवणारे एक मिस्त्री आहेत. अशाच एका न फिरलेल्या गाडीचा मालक त्यांच्याकडे इंजिनाची टकटक घेऊन आला होता. मिस्त्रींनी विचारलं, ऑइल कधी बदललं? तो म्हणाला, अजून सातच हजार झालेत की. किती वर्षांत? तीन वर्षांत. मिस्त्रींनी हात पुसले आणि शांतपणे म्हणाले, "भाऊ, गाडी उभी ऱ्हायली म्हणून तेल थांबत न्हाई. ते म्हातारं होतंयच." मग त्यांनी तेल भरण्याच्या तोंडावरचं झाकण फिरवून काढलं आणि उलटं करून त्याच्या हातात दिलं. झाकणाच्या आतल्या बाजूला फिकट चहाच्या रंगाची साय बसली होती. बोटाने पुसली तर बोटाला चिकटली. ती साय म्हणजे तेलात घुसळलं गेलेलं पाणी.

हे पाणी कुठून आलं, हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, कारण गावाकडच्या गाडीचं सगळं दुखणं त्याच्या उत्तरात आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. इंधनातला हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन यांचं ते पाणी, वाफेच्या रूपात. थंडीच्या सकाळी गाडी चालू केल्यावर सायलेन्सरच्या तोंडातून थेंब टपकतात ते त्याचेच. बरीचशी वाफ तिकडूनच निघून जाते. पण पिस्टनच्या रिंगांच्या कडेने थोडी वाफ, थोडं न जळलेलं इंधन, थोडी काजळी खाली तेलाच्या टाकीत उतरते. इंजिन चांगलं तापलेलं असेल तर ही वाफ आणि इंधन पुन्हा उडून जातं, आणि तेल स्वतःला वाळवून घेतं. इंजिन तापायच्या आत बंद झालं तर पाणी तिथेच साचतं. डॅशबोर्डवरचा काटा मध्यावर आला म्हणजे इंजिन तापलं असं आपण समजतो. तो काटा कूलंटचं तापमान सांगतो. तेल त्याच्यामागून बऱ्याच सावकाशीने तापतं. घरापासून किकवी येईपर्यंत कूलंट तापतं, तेल कोमटच राहतं. तिथे गाडी बंद होते, तासाभराने पुन्हा थंड इंजिनावर चालू होते आणि घरी येऊन बंद. असं वर्षभर चाललं तर किलोमीटर थोडेच भरतात, पण तेलात पाणी, पेट्रोल आणि आम्ल साठत जातं.

गाडीच्या पुस्तिकेत साधारणपणे लिहिलेलं असतं: दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांतलं जे आधी होईल ते. आपण वाक्याचा पहिला अर्धा भाग वाचतो. त्याच पुस्तिकेत पुढे खडतर वापराचा उल्लेख असतो: छोटे छोटे फेरे, धुळीचा रस्ता, घाट, ओझं. अशा वापरात तेल त्याआधीच बदलायला सांगितलेलं असतं. शहरातल्या माणसाला खडतर म्हणजे लडाख वाटतं. मला विचाराल तर खडतर वापर म्हणजे उन्हाळ्यात भोंगवलीहून किकवीला जाऊन येणारी गाडी.

सायीबद्दल एक सावधगिरी मात्र सांगून ठेवतो. कूलंटची पातळी सारखी खाली जात असेल आणि झाकणाखाली साय दिसत असेल, तर ते नुसत्या थंड फेऱ्यांचं पाणी नाही. हेड गॅस्केट फुटून कूलंट तेलात येत असण्याची शक्यता मोठी. तशी गाडी चालवत गॅरेजला नेऊ नये, ओढून न्यावी.

माझ्या लहानपणी वंगण हा शब्द गाडीशीच जोडलेला होता, पण ती गाडी बैलांची. बांधावर एरंड उगवायचा, त्याच्या बियांचं तेल घरात असायचं. साटीखाली तेलाचं नळकांडं अडकवलेलं असायचं. लांबच्या बाजाराला निघायच्या आधी चाक जरा बाहेर ओढून आसाला वंगण लावायचं हे ठरलेलं. आस कोरडा राहिला तर वाटेत चाक कुरकुरायला लागायचं, बैलांना ओढ जास्त बसायची, आणि शेजारच्या रानातला माणूस बांधावरून ओरडून सांगायचा, अरे, वंगण घाल की चाकाला! दुसऱ्याच्या गाडीचा आवाज ऐकून बोलण्याचा हक्क तेव्हा सगळ्यांना होता. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी व्हायची. वर्षभर जू वाहिलेले बैलांचे खांदे हळद आणि तूप लावून चोळले जायचे. त्या चोळण्यात पूजा होती आणि तपासणीही होती. खांद्यावर कुठे आवाळू आलंय, कुठे कातडं सोललंय, हे हाताला आपोआप कळायचं.

एरंडेल मोटारीच्या इंजिनातही गेलं. चार्ल्स वेकफील्ड यांनी १८९९ मध्ये लंडनमध्ये वंगणाची कंपनी काढली आणि १९०९ मध्ये एरंडेल मिसळलेलं तेल कॅस्ट्रॉल या नावाने बाजारात आणलं. नावात कॅस्टर आहे ते त्यामुळेच. पहिल्या महायुद्धातल्या फिरत्या इंजिनांच्या विमानांत तर वंगण म्हणून एरंडेलच असायचं. पुढे जमिनीतून काढलेल्या खनिज तेलाने ती जागा घेतली. आपल्याकडे मुंबईला माहूलजवळ हिंदुस्थान पेट्रोलियमचा जो कारखाना आहे तिथे वंगणाचं मूळ तेल तयार होतं. पूर्वी एस्सोकडे असलेली ही रिफायनरी १९७४ मध्ये सरकारकडे आली. कच्च्या तेलातून पेट्रोल आणि डिझेल उडवून घेतल्यावर जो जड भाग उरतो, त्यातून मेण आणि नको ती संयुगं काढून हे मूळ तेल मिळवतात. त्यात मग रसायनं मिसळतात: झीज रोखणारं जस्त आणि फॉस्फरसचं संयुग, आम्ल मारणारे कॅल्शियमचे क्षार, काजळीचे कण एकमेकांना चिकटू न देणारी द्रव्यं, तापल्यावर तेल फार पातळ होऊ न देणारे पॉलिमर. डब्यातल्या तेलाचा बराच मोठा भाग या मिसळींचा असतो, आणि आधी संपतात त्या मिसळीच. मूळ तेल राहतं. त्याला राखणारे जातात.

नीरा नदीच्या काठच्या मळ्यांत विजेचे खांब यायच्या आधी डिझेलची इंजिनं धडधडायची. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, लोखंडी नांगर शेतकऱ्याच्या हातात दिला. त्यांचे चिरंजीव शंतनुराव यांच्या काळात, १९४६ मध्ये, पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. पाण्याच्या पंपाला जोडलेलं एका सिलिंडरचं ते इंजिन पश्चिम महाराष्ट्राच्या बागायतीच्या मुळाशी आहे, असं मी मानतो. ते हँडल मारून चालू करायचं. हँडल मारण्याआधी माणूस वाकायचा, तेलाची पातळी दाखवणारी पट्टी बाहेर काढायचा, धोतराच्या सोग्याला नाहीतर चिंधीला पुसायचा, पुन्हा आत घालून बाहेर काढायचा आणि उजेडाकडे धरून बघायचा. मळ्यातून इंजिन बंद पडल्याचा निरोप यायचा तेव्हाही पहिला प्रश्न हाच, तेल बघितलं का? ज्यांना अक्षर वाचता येत नव्हतं, त्यांना त्या पट्टीवरच्या दोन खुणा वाचता येत होत्या. इंजिन बंद पडलं तर उभं पीक वाळणार होतं, म्हणून ती सवय अंगात मुरलेली होती. वीज आली, मोटरी आल्या, स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं की पाणी पडायला लागलं. सोय झाली, फार मोठी सोय झाली. पण पट्टी बघणारा हात त्या पिढीबरोबर गेला.

तो हात थोडा ट्रॅक्टरवाल्यांकडे उरला आहे. ट्रॅक्टरचं तेल किलोमीटरवर बदलत नाहीत, तासांवर बदलतात. नव्या ट्रॅक्टरला पहिल्यांदा साधारण ५० तासांनी आणि मग अनेक मॉडेलांत दर २५० तासांनी. हा हिशोब मला फार शहाणपणाचा वाटतो. नांगरट करताना ट्रॅक्टर दिवसभरात रानाच्या बाहेर जात नाही, पण इंजिन आठ तास राबलेलं असतं. अंतराने त्याचे कष्ट मोजता येत नाहीत. जुन्या ट्रॅक्टरचा हवेचा फिल्टरही पाहण्यासारखा. त्याच्या बुडाला तेलाची वाटी असते. बाहेरची हवा आधी त्या तेलावरून वळते, धूळ तेलात अडकते आणि मग हवा जाळीतून इंजिनात जाते. ढेकळं फोडायच्या दिवसांत ती वाटी उघडली की तळाशी बोटभर गाळ सापडतो. तो सगळा गाळ इंजिनात जाणार होता. त्यातले वाळूचे कण लोखंडाहून कठीण. सिलिंडरच्या आतल्या गुळगुळीत भिंतीवर ते ओरखडे काढतात, रिंगा झिजतात, मग इंजिन तेल खायला लागतं आणि मागून निळा धूर येतो. कारमध्ये कागदाचा फिल्टर असतो. तो काढून झटकायचा, पुन्हा बसवायचा आणि वर्षानुवर्षं तोच चालवायचा, हा प्रकार मी बंद करायला सांगेन. हवेचा फिल्टर तेलापेक्षा स्वस्त आहे आणि तेलाचं अर्धं आयुष्य त्याच्या हातात आहे.

एसटीचं उदाहरण मला याच्यापुढे ठेवावंसं वाटतं. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत गाड्या बांधल्या गेल्या आणि तालुक्याच्या गावी आगारं झाली. भोरलाही आगार आहे. भोरहून वरंधा घाटाने महाडकडे उतरणारी गाडी, पावसात, माणसांनी भरलेली, एका बाजूला दरी. त्या रस्त्यावर नुसती चालवण्याची कला पुरत नाही, गाडीही घाटाच्या लायकीची ठेवावी लागते. आगारात गाडी घेताना तेल, पाणी, हवा बघायची ही शिस्त जुनी. जुने चालक सांगतात की तेल, पाणी, हवा हे तीन शब्द ते एका दमात म्हणायला शिकले. खासगी गाडीच्या मालकाला आगार नसतं. त्याचं आगार त्यालाच व्हावं लागतं.

आता डब्यावरच्या आकड्यांविषयी थोडं, कारण त्यावरून गॅरेजमध्ये फार वाद होतात. २०डब्ल्यू-४० किंवा ५डब्ल्यू-३० असं लिहिलेलं असतं. डब्ल्यू म्हणजे हिवाळा. त्याच्या अलीकडचा आकडा थंडीत तेल कितपत वाहतं ते सांगतो, पलीकडचा १०० अंश सेल्सिअसला किती दाट राहतं ते. १५डब्ल्यू-४० तेलाचं उदाहरण घेतलं तर ४० अंशांना ते साधारण ११० सेंटीस्टोक दाट असतं आणि १०० अंशांना १४-१५ वर येतं. म्हणजे तापल्यावर सात-आठ पट पातळ. एवढं पातळ झाल्यावरही क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामध्ये त्याचा पापुद्रा टिकला पाहिजे, आणि तो पापुद्रा काही मायक्रॉनचा असतो. आपला केस त्याच्यापुढे जाडजूड. मिनिटाला दोन हजार फेरे म्हणजे सेकंदाला तेहतीस. तेवढ्या वेगाने फिरणाऱ्या लोखंडाला लोखंड लागू न देण्याचं काम हा पापुद्रा करतो. जाड तेल घातलं की इंजिन टिकतं हा समज जुन्या, ढिल्या इंजिनांच्या काळातला आहे. आजच्या इंजिनांच्या वाटा बारीक आहेत, काही पेट्रोल गाड्यांना तर कंपनीच ०डब्ल्यू-२० किंवा त्याहून पातळ तेल सांगते. तिथे २०डब्ल्यू-४० ओतणं म्हणजे सकाळच्या पहिल्या मिनिटाला वरच्या भागापर्यंत तेल उशिरा पोचवणं, आणि झीज सगळ्यात जास्त होते ती त्या पहिल्या मिनिटातच. पुस्तिकेत जे लिहिलंय ते घालावं. मित्राच्या गाडीला काय मानवलं ते घालू नये.

दुसरा वाद रंगाचा. तेल काळं झालं म्हणजे बिघडलं, असं बहुतेक जण धरून चालतात. डिझेल गाडीत तर नवं तेल चार दिवसांत काळं होतं. ते काजळी उचलतं, आपल्यात धरून ठेवतं, कुठे बसू देत नाही, म्हणून काळं होतं. त्याच्यात मिसळलेल्या द्रव्यांचं कामच ते. उलट न फिरणाऱ्या पेट्रोल गाडीचं तेल मधासारखं स्वच्छ दिसतं आणि आतून पाण्याने आणि इंधनाने नासलेलं असू शकतं. रंगावरून तेलाचं वय कळत नाही. पातळी, वास आणि तारीख या तीन गोष्टींवरून बरंच कळतं. पट्टीला पेट्रोलचा उग्र वास आला तर तेलात इंधन उतरतंय असं समजावं.

पातळी कमी झालेली सगळ्यांना कळते. वाढलेली पातळी मात्र कुणी मनावर घेत नाही. नव्या डिझेल गाड्यांत ती का वाढते ते सांगतो. १ एप्रिल २०२० पासून देशभर प्रदूषणाचं बीएस-६ मानक लागू झालं. डिझेलमधलं गंधक दहा लाख भागांत ५० वरून १० भागांवर आलं, त्यामुळे तेलात आम्ल तयार होण्याचं प्रमाण घटलं, ही चांगली गोष्ट झाली. पण नव्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर आला. तो भरला की गाडी जादा डिझेल सोडून ती काजळी जाळते, आणि त्यासाठी तिला सलग काही अंतर चांगल्या वेगाने पळावं लागतं. किकवीपर्यंतच्या फेऱ्यांत ते जळणं पुरं होत नाही. अर्धवट राहतं, पुन्हा सुरू होतं, पुन्हा अर्धवट राहतं. अनेक गाड्यांत ते जादा डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून तेलात उतरतं. पट्टीवर तेल वरच्या खुणेच्याही वर दिसतं आणि मालकाला वाटतं, छान, गाडी तेल खात नाही. ते तेल पातळ झालेलं असतं, बदलायलाच हवं. अशी गाडी असेल तर तिला अधूनमधून खेड-शिवापूरपर्यंत किंवा खंबाटकीच्या पुढे साताऱ्यापर्यंत सलग पळवून आणावी. महामार्ग आपल्या दारातून जातो, त्याचा एवढा उपयोग करून घ्यावा. घाट चढून आल्यावर मात्र टर्बो असलेली गाडी लगेच बंद करू नये. टर्बोची चकती मिनिटाला लाखावर फेरे घेते, तिला तेलच थंड ठेवतं. इंजिन तडक बंद केलं तर तापलेल्या जागी तेल अडकून करपतं. मांढरदेवच्या वर पोचल्यावर देवीला हात जोडायच्या आधी मिनिटभर इंजिन सावकाश चालू द्यावं.

तेल बदलताना गॅरेजमध्ये उभं राहून बघावं, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. चांगला मिस्त्री गाडी आधी थोडी तापवतो. मग खालचा नट पान्याने सैल करून शेवटचे आटे बोटांनी फिरवतो आणि हात झटकन बाजूला घेतो. तेल आधी जाड धारेने पडतं, मग धार बारीक होते, मग तुटते. घाई असलेला माणूस इथे नट लावून टाकतो. चांगला मिस्त्री थेंब थांबेपर्यंत दुसरं काम करतो. नटाचा वायसर नवा घालतो. नव्या फिल्टरच्या रबरी कडीला बोटाने थोडं नवं तेल फासतो आणि फिल्टर हाताने आवळतो. पान्याने आवळला तर कडी चिरडते आणि पुढच्या वेळी फिल्टर निघत नाही. तेल एकदम सगळं ओतत नाही. इंजिन चालू करून लाल दिवा विझेपर्यंत बघतो, बंद करतो, तेल खाली उतरू देतो आणि मग पट्टी. खालच्या आणि वरच्या खुणेमध्ये बऱ्याच गाड्यांत सुमारे एक लिटरचं अंतर असतं. वरच्या खुणेपलीकडे भरणंही वाईट. क्रँक तेलात आपटून फेस होतो आणि फेस वंगण देत नाही. आपल्यासमोर सीलबंद डबा फोडायला सांगावा, आणि रिकामा झाला की त्याच्या बुडाला भोक पाडून द्यावं, म्हणजे त्या डब्यात पुन्हा बनावट तेल भरून विकलं जाणार नाही.

आणि तो लाल दिवा. डॅशबोर्डवरचा किटलीसारखा दिवा तेलाची पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो. चालत्या गाडीत तो लागला म्हणजे बेअरिंगपर्यंत तेल पोचणं थांबलेलं आहे. किकवी जवळ आली, तेवढं जाऊ, असं म्हणायची ती वेळ नाही. त्याच जागी बाजूला घेऊन इंजिन बंद करावं. मिनिटाच्या आत इंजिन सीज होऊ शकतं, आणि मग इंजिन काम काढण्याचा खर्च शेतकऱ्याच्या घरात एका हंगामाची कमाई नेतो.

पुणे जिल्ह्यात पिंपरीला, आकुर्डीला, चाकणला देशासाठी गाड्या बनतात. वेताळ टेकडीवर १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय ही वाहनसंशोधन संस्था आहे, जिथे इंजिनं तासन्‌तास पळवून पारखली जातात. त्याच जिल्ह्याच्या एका कडेच्या गावात गाडी तीन वर्षं त्याच तेलावर चालावी, हे मला लागतं. पैशांचा प्रश्न आहेच, पण बैलाच्या खांद्याला लागणारं तूपही कधी फुकट नव्हतं. दसऱ्याला गाडी धुऊन, झेंडूचा हार घालून, चाकाखाली लिंबू ठेवून पूजा करतात ती मला मनापासून आवडते. त्याच दिवशी बॉनेट उघडून पट्टी काढावी, हवेचा फिल्टर बघावा, कूलंट आणि ब्रेक ऑइलच्या खुणा बघाव्यात आणि तेल बदलल्याची तारीख दाराच्या आतल्या कडेला खडूने नाही, पक्क्या पेनने लिहावी. मुलांना शेजारी उभं करावं. मुलीलाही. पट्टी वाचायला दोन मिनिटांत शिकता येतं.

राहतं ते गाडीतून निघालेलं तेल. आपल्याकडे त्याला जळकं ऑइल म्हणतात आणि ते वाया जात नाही याचा लोकांना अभिमान असतो. कुंपणाच्या डांबांना वाळवी लागू नये म्हणून फासतात, सेंट्रिंगच्या प्लेटांना लावतात, दाराच्या बिजागऱ्यांत सोडतात, क्वचित जनावराच्या खरजेवर चोळतात. उरलेलं ओढ्याच्या कडेला ओततात. हा अभिमान मी सोडायला सांगतोय. त्या तेलात झिजलेले धातू असतात, अर्धवट जळलेल्या इंधनातून आलेली, कर्करोगाला कारण होणारी संयुगं असतात. जनावर अंग चाटतं, ते तोंडात जातं. ओढ्यात ओतलेलं नीरेला मिळतं, नीरा वीर धरणात थांबते, आणि तिथून डाव्या-उजव्या कालव्याने ते पाणी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसच्या रानात जातं. २०१६ च्या नियमांनी वापरलेलं तेल घातक कचऱ्यात धरलं आहे. त्या नियमांत २०२३ मध्ये दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२४ पासून तेल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्यांवरच ते परत घेऊन शुद्ध करवण्याची जबाबदारी आली. या तेलापासून पुन्हा चांगलं मूळ तेल काढता येतं, ही त्यातली मोठी गोष्ट आहे.

कायदा झाला, पण गावातून ते गोळा कोण करणार? माझी भोंगवली ग्रामपंचायतीला आणि किकवी-सारोळा पट्ट्यातल्या गॅरेजवाल्यांना विनंती आहे की घट्ट झाकणाचा एक ड्रम छपराखाली ठेवावा. ट्रॅक्टरचं, मोटारसायकलचं, कारचं, सगळं जळकं ऑइल आणि वापरलेले फिल्टर त्यात पडावेत. त्यात पाणी, रॉकेल किंवा थिनर मिसळू नये. ड्रम भरला की महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्यालाच तो द्यावा आणि पावती घेऊन पंचायतीच्या फलकावर लावावी. येणाऱ्या दसऱ्याच्या आत एवढं करता येईल.